वेलस्लीचा वेलिंग्टन कसा झाला?

शाळेच्या इतिहासात आपल्याला चार नावे भेटतात. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला, तेव्हा कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड मॉर्निंग्टन. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली. पुढच्याच वर्षी असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा सेनापती आर्थर वेलस्ली. आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

नावे चार, पण माणसे दोनच. मॉर्निंग्टन आणि लॉर्ड वेलस्ली हा एकच गृहस्थ, रिचर्ड. असईचा सेनापती आणि वॉटर्लूचा ड्यूक हाही एकच, आर्थर. दोघे सख्खे भाऊ. मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात जे जुने दगडी कारंजे उभे आहे ते याच आर्थरच्या नावाचे, वेलिंग्टन फाउंटन. तो १८०१ आणि १८०४ मध्ये मुंबईत येऊन गेला त्याची ही आठवण, १८६५ साली उभारलेली. तो मुंबईत होता त्या वेळी मात्र त्याला वेलिंग्टन म्हणणारे जगात कोणी नव्हते. ते नाव अजून अस्तित्वातच यायचे होते.

आपल्याकडे आडनाव जन्मभर बदलत नाही. मग तिकडे एका आईबापांच्या मुलांची नावे अशी वेगवेगळ्या दिशांना का जातात? दर काही वर्षांनी ती नवी का होतात? आणि बापाचे एक नाव, मुलाचे दुसरे, नातवाचे तिसरे असे एकाच वेळी कसे असू शकते? ब्रिटिश किताबांचे यंत्र कसे चालते ते समजून घेतले की हा गुंता सुटतो. वेलिंग्टनचे घराणे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण या यंत्राचा जवळजवळ प्रत्येक नियम त्या घराण्याच्या वाट्याला कधी ना कधी आला आहे.

किताब घराण्याचा नसतो, सनदेचा असतो

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की ब्रिटनमध्ये सरदारकीचा किताब घराण्याला चिकटलेला नसतो, एका कागदाला चिकटलेला असतो. त्या कागदाला 'लेटर्स पेटंट' म्हणतात. आपण त्याला सनद म्हणू. राजाच्या मोठ्या शिक्क्याने निघणाऱ्या या सनदेत तीन गोष्टी ठरवलेल्या असतात. दर्जा कोणता, किताबाचे नाव काय, आणि हा माणूस गेल्यावर किताब कोणाकडे जायचा. तिसरी गोष्ट साधारणपणे एका ठरावीक वाक्प्रयोगात लिहिलेली असते. त्याचा अर्थ, या माणसापासून औरस जन्मलेले पुरुष वंशज, थोरलेपणाच्या क्रमाने.

आपल्याकडच्या वतनाशी ताडून पाहिले तर फरक चटकन ध्यानात येईल. पाटीलकी किंवा देशमुखी वंशपरंपरागत असे, पण तिचे हिस्से होत. चार भावांत वतन वाटले जाई. अर्धी पाटीलकी विकल्याची, गहाण टाकल्याची कागदपत्रे ढिगाने सापडतात. होळीची पहिली पोळी कोणाची आणि पोळ्याला कोणाचा बैल पुढे, हे मानपानही वाटून घेतले जात आणि त्यावरून पिढ्यानपिढ्या भाऊबंदकी चाले. ब्रिटिश किताबाला यातले काहीच लागू नाही. तो एका वेळी एकाच माणसाकडे असतो. त्याचा तुकडा पडत नाही, तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मृत्युपत्राने आवडत्या पुतण्याला देता येत नाही आणि दत्तक मुलाकडे जात नाही. धारकाच्या इच्छेला त्यात जागा नाही. १९६३ च्या कायद्यापासून एवढेच करता येते की नको असेल तर वारसाने ठरावीक मुदतीत तो आपल्यापुरता सोडून द्यायचा. तसे केले तरी पुढच्या वारसाचा हक्क शाबूत राहतो.

आडनाव ही यापासून अगदी वेगळी वस्तू. वेलस्ली हे घराण्याचे आडनाव, वेलिंग्टन हे किताबाचे नाव. किताब मिळालेला माणूस सही करताना फक्त किताबाचे नाव लिहितो. त्यामुळे सही बदलली की नवा माणूस आला असे वाचणाऱ्याला वाटते.

> चौकट : पाच पायऱ्या
>
> ब्रिटिश सरदारकीच्या पायऱ्या खालून वर अशा : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक. पहिल्या चार पायऱ्यांवरच्या माणसाला बोलताना 'लॉर्ड अमुक' म्हणतात. ड्यूकला मात्र ड्यूकच म्हणतात. नवी पायरी चढली की जुनी रद्द होत नाही. जुनी सनद जिवंतच राहते, म्हणून एका माणसाकडे एका वेळी पाच-सहा किताब असू शकतात.
>
> 'सर' ही सरदारकी नव्हे. नाइटचा 'सर' त्या माणसाबरोबर संपतो. बॅरोनेटचा 'सर' मुलाकडे जातो, पण तोही सरदारांत मोडत नाही. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट.

आयर्लंडचे कॉली

हे घराणे मुळात वेलस्ली नव्हतेच. त्यांचे आडनाव कॉली. आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात त्यांची जमीन होती. १७२८ साली रिचर्ड कॉली नावाच्या गृहस्थाला गॅरेट वेस्ली या नातलगाची मोठी मालमत्ता मिळाली, पण एका अटीवर. त्याने वेस्ली हे आडनाव घ्यायचे. त्याने ते घेतले. किताब असा अटीवर देता येत नाही, पण जमीन देता येते, आणि जमिनीसाठी आडनाव बदलणे तिकडे सर्रास चाले.

हाच रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. मॉर्निंग्टन हे आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातल्या त्याच्या एका गावाचे नाव. त्याचा मुलगा गॅरेट संगीतात रमणारा होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो संगीताचा प्राध्यापक होता. १७६० मध्ये तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला आणि १७८१ मध्ये बरेच कर्ज मागे ठेवून वारला. त्याला पाच मुलगे : रिचर्ड, विल्यम, आर्थर, जेराल्ड आणि हेन्री. थोरल्या रिचर्डकडे अर्लचा किताब आला आणि बरोबर कर्जही. बाकीच्या चौघांना किताबातले काहीच मिळाले नाही. थोरल्याला सगळे आणि धाकट्यांना पोटापाण्याचा धंदा, ही त्या व्यवस्थेची रीत. आर्थर लष्करात गेला, जेराल्ड पाद्री झाला, हेन्रीने मुत्सद्देगिरी पत्करली. हिंदुस्थानात इतके धाकटे मुलगे का आले याचे एक मोठे कारण या रीतीत आहे आणि आपल्या इतिहासलेखनात त्याचा विचार फार कमी होतो असे मला वाटते.

रिचर्डने आडनावाचे जुने, भारदस्त रूप उचलले : वेस्लीचे वेलस्ली केले. भावांनीही तेच स्वीकारले. १७९८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला तेव्हा तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन होता, म्हणून त्या वर्षीच्या कागदांवर मॉर्निंग्टन. टिपूवरच्या विजयानंतर, डिसेंबर १७९९ मध्ये, त्याला मार्क्विस वेलस्ली केले. तेव्हापासून तो लॉर्ड वेलस्ली. पण ही सनद आयर्लंडच्या सरदारकीची होती. इंग्लंडच्या किताबापेक्षा आयरिश किताबाचे वजन कमी. रिचर्डला ते फार लागले आणि आपल्या पत्रांत त्याने तो राग उघडपणे बोलूनही दाखवला.

असईचा उतार

आर्थर १७९७ मध्ये आपली पलटण घेऊन हिंदुस्थानात आला होता. वसईच्या तहानंतर बाजीरावाला पुण्यात पुन्हा बसवायला जी फौज आली तिच्या पुढे तोच होता. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेच्या मागे तो गोदावरी ओलांडून उत्तरेला सरकला.

२३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती फौज त्याला दिसली. त्याच्याजवळ त्या वेळी सगळे सैन्य नव्हते. एक मोठी तुकडी दुसऱ्या वाटेने येत होती. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ. मध्ये केळणा. वाटाड्यांनी सांगितले, इथून नदी ओलांडायला उतार नाही. आर्थरने काठाकाठाने पुढे जाऊन पाहिले तर नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने विचार केला, अशी दोन गावे अमोरासमोर वसलेली असताना त्यांच्यात येण्याजाण्याची वाट नसेल हे शक्य नाही. उतार निघाला. तिथून त्याने सैन्य पलीकडे नेले.

पुढे जे झाले ते सोपे नव्हते. शिंद्यांच्या पलटणींनी झपाट्याने तोंड फिरवून नवी फळी उभी केली आणि तोफखान्याने असा मारा केला की इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. ७४ वी हायलँडर पलटण असई गावाच्या समोर जवळजवळ संपली. आर्थरच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. वॉटर्लूनंतर कित्येक वर्षांनी, लढाईत तुम्ही केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती असे विचारल्यावर त्याने एकाच गावाचे नाव घेतले : असई. मराठी तोफचींच्या त्या दिवशीच्या कामगिरीला याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही, आणि आपण तो पुरेशा अभिमानाने सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

असई, नंतर अडगाव, मग गाविलगड. वर्ष संपायच्या आत देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव असे दोन तह झाले. एवढ्या सगळ्याबद्दल आर्थरला मिळाले ते 'ऑर्डर ऑफ द बाथ'चे मानचिन्ह, म्हणजे फक्त 'सर'. १८०५ मध्ये तो परत गेला तेव्हा सर आर्थर वेलस्ली होता. वारसाला देण्यासारखे त्याच्याकडे अजून काही नव्हते. म्हणून असईचे नाव त्याच्या कोणत्याही किताबात नाही.

दुसऱ्याने निवडलेले नाव

सरदारकी आली ती स्पेनमधून. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये लढत असताना जुलै १८०९ मध्ये त्याने तालाव्हेराची लढाई जिंकली. लंडनमध्ये त्याला व्हायकाउंट करायचे ठरले. आता सनदेत नाव कोणते घालायचे? आर्थर रणांगणावर, पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे. तेव्हा निवड त्याचा भाऊ विल्यम याने केली. वेलस्ली हे नाव थोरल्या भावाच्या किताबात गुंतलेले होते. त्या नावाच्या जवळपास जाणारे एखादे ठिकाण शोधता शोधता विल्यमला सॉमरसेट परगण्यातले वेलिंग्टन हे गाव सापडले. आर्थरचा त्या गावाशी कसलाही संबंध नव्हता. निवड त्याला पसंत पडली आणि तो व्हायकाउंट वेलिंग्टन झाला. न्यूझीलंडची राजधानी, निलगिरीतले लष्करी ठाणे, गुडघ्यापर्यंतचे बूट, या सगळ्यांना मिळालेले नाव अशा घाईच्या निवडीतून आलेले आहे.

याच सनदांच्या वेळी त्याला बॅरन डूरो हाही किताब मिळाला. डूरो ही पोर्तुगालमधली नदी. ती ओलांडून त्याने फ्रेंचांना ओपोर्तोतून हुसकून लावले होते. नंतर बढत्या भराभर आल्या. सिउदाद रोद्रिगोचा किल्ला घेतल्यावर फेब्रुवारी १८१२ मध्ये अर्ल. सालामांका जिंकल्यावर ऑक्टोबर १८१२ मध्ये मार्क्विस. नेपोलियनने सिंहासन सोडल्यावर मे १८१४ मध्ये ड्यूक. परदेशी राजांनीही मागे राहायचे नाही असे ठरवल्यासारखे किताब दिले. स्पेनने ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो केले, पोर्तुगालने तीन किताब दिले आणि वॉटर्लूनंतर नेदरलँड्सच्या राजाने प्रिन्स ऑफ वॉटर्लू केले.

१८०९ ते १८१४ या पाच वर्षांत तो ब्रिटनला एकदाही परतला नव्हता. नवा सरदार लॉर्ड्स सभागृहात पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याची सनद मोठ्याने वाचली जाते, हा तिथला विधी. २८ जून १८१४ रोजी आर्थर वेलस्ली त्या सभागृहात पहिल्यांदा आला आणि कारकुनाने एकामागून एक सगळ्या सनदा वाचल्या : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक. सामान्यतः एखाद्या घराण्याला ही शिडी चढायला कित्येक पिढ्या लागतात. इथे पाचही पायऱ्या एका माणसासाठी एकाच बैठकीत वाचल्या गेल्या. किताब म्हणजे सनद, हे त्या दुपारइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

किताबाबरोबर दर्जा राखायला पैसा लागतो. संसदेने १८१२ ते १८१५ या काळात त्याला लाखो पौंडांची अनुदाने मंजूर केली आणि त्यातून १८१७ मध्ये हॅम्पशर परगण्यात स्ट्रॅटफील्ड से ही जहागीर विकत घेतली गेली. तिचा सारा आजही भरला जातो, पण पैशात नव्हे. दर वर्षी १८ जूनला, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, त्या वेळचा ड्यूक एक छोटे फ्रेंच निशाण विंडसरच्या राजवाड्यात राजाला देतो. लंडनमधला ॲप्सली हाउस हा वाडा आर्थरने आपल्याच थोरल्या भावाकडून घेतला होता. १९४७ मध्ये सातव्या ड्यूकने तो राष्ट्राला दिला. आता तिथे संग्रहालय आहे.

उसनी नावे

बापाचे एक नाव, मुलाचे दुसरे, नातवाचे तिसरे, हे कोडे आता सोडवता येईल. ड्यूककडे खालच्या पायऱ्यांचे अनेक किताब असतात, पण तो वापरतो फक्त सर्वांत वरचा. उरलेल्यांपैकी एक थोरल्या मुलाने सौजन्य म्हणून वापरावा अशी प्रथा आहे. म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा थोरला मुलगा मार्क्विस ऑफ डूरो म्हणवतो आणि त्याचा थोरला मुलगा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. ही नावे उसनी असतात. कायद्याच्या नजरेत ते दोघेही सामान्य नागरिक. पहिल्या ड्यूकचा मुलगा म्हणूनच मार्क्विस ऑफ डूरो असताना कॉमन्स सभागृहात निवडून जाऊ शकला. बाप वारला त्या क्षणी तो खराखुरा ड्यूक झाला आणि लॉर्ड्समध्ये गेला. धाकट्या मुलांना फक्त नावाआधी 'लॉर्ड' लागते. त्यांची मुले साधी 'मिस्टर'. एका पिढीत राजाच्या पंक्तीला बसणारे घर दोन पिढ्यांत सामान्य माणसांत मिसळून जाते ते असे.

पण मॉर्निंग्टन हा तर थोरल्या रिचर्डचा किताब. तो धाकट्या आर्थरच्या नातवंडांकडे कसा आला? रिचर्ड १८४२ मध्ये वारला. त्याला मुलगे होते, पण ते लग्नाआधी जन्मलेले. पुढे त्याने त्यांच्या आईशी लग्न केले तरी कायद्याने ती मुले औरस ठरली नाहीत. मार्क्विसची सनद फक्त त्याच्यापासून सुरू झाली होती, म्हणून ती तिथेच संपली. 'लॉर्ड वेलस्ली' हे वसईच्या तहामागचे नाव त्याच्याबरोबर नामशेष झाले. अर्ल ऑफ मॉर्निंग्टनची सनद मात्र बापापासून सुरू झालेली. तिच्यात बापाचे सगळे पुरुष वंशज येतात. ती दुसऱ्या भावाकडे, विल्यमकडे गेली, त्याच्या मुलाकडे, नातवाकडे गेली, आणि १८६३ मध्ये ती शाखा संपल्यावर तिसऱ्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे आली. एकाच माणसाच्या हातातल्या दोन किताबांपैकी एक मेला आणि दुसरा फिरत फिरत पुतण्याकडे पोचला, कारण दोन्ही सनदा वेगवेगळ्या ठिकाणी उगम पावल्या होत्या.

आपल्या इतिहासात ज्याचे नाव फार कटुतेने घेतले जाते त्या डलहौसीचेही असेच झाले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य, नंतर झाशी आणि नागपूर, दत्तक वारस नामंजूर करून त्याने खालसा केली. तो स्वतः १८४९ मध्ये मार्क्विस झाला होता. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० मध्ये तो गेला तेव्हा मार्क्विसचा किताब संपला आणि जुनी अर्लची सनद एका चुलतभावाकडे गेली. दत्तकाचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता, कारण त्या कायद्यात दत्तक मुलगा वारस होऊच शकत नाही. साताऱ्याची आणि नागपूरची माणसे ज्या हक्काबद्दल अर्ज करत होती त्या हक्काची कल्पनाच समोरच्या माणसाच्या घरच्या कायद्यात नव्हती. त्याने केलेला अन्याय यामुळे कमी होत नाही. मात्र दोन्ही बाजू 'वारस' हा शब्द किती वेगळ्या अर्थाने वापरत होत्या ते यातून समजते.

जाता जाता एक गोंधळ दूर करू. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज वेलिंग्टनच्या नावाचे नाही. मुंबईचे गव्हर्नर आणि नंतर व्हाइसरॉय झालेले लॉर्ड विलिंग्डन वेगळे, त्यांचे घराणे वेगळे. त्यांना १९३६ मध्ये मार्क्विस केले. मुलाला अपत्य नव्हते. १९७९ मध्ये तो गेला आणि किताब दोन पिढ्यांत संपला.

१९४३ : एक मृत्यू, दोन वारस

वेलिंग्टनचा किताब सरळ बापाकडून मुलाकडे असा फार वेळा गेलेला नाही. दुसऱ्या ड्यूकला अपत्य नव्हते, १८८४ मध्ये तो गेल्यावर पुतण्या तिसरा ड्यूक झाला. त्यालाही अपत्य नव्हते, म्हणून १९०० मध्ये त्याचा भाऊ चौथा झाला. त्यानंतर मुलगा पाचवा आणि १९४१ मध्ये नातू सहावा.

हा सहावा ड्यूक, हेन्री, दुसऱ्या महायुद्धात कमांडो तुकडीत होता. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्य इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरले. तिथल्या लढाईत तो मारला गेला. वय ३१, अविवाहित. मागे बहीण होती, लेडी ॲन, आणि वडिलांचे भाऊ होते.

लंडनमध्ये सनद उघडली तर लिहिलेले होते पुरुष वंशज. बहीण कितीही जवळची असली तरी बाद. काका जेराल्ड, व्यवसायाने वास्तुरचनाकार, सातवा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. प्रिन्स ऑफ वॉटर्लू हा किताबही त्याच्याकडे गेला. पण सिउदाद रोद्रिगोचा किताब स्पेनचा. स्पेनच्या तेव्हाच्या नियमात सख्ख्या भावाबहिणींत मुलाला पहिला मान होता, मुलगा नसेल तर मुलीला. मृत ड्यूकची बहीण त्याच्या काकापेक्षा जवळची. म्हणून तो किताब, १३१ वर्षे वेलिंग्टनच्या किताबाबरोबर एकाच माणसाकडे जात आलेला, या वेळी लेडी ॲनकडे गेला. पहिल्या ड्यूकने एका तलवारीने मिळवलेले मान त्याच्या वंशात पहिल्यांदाच दोन घरांत विभागले गेले.

तंटा झाला नाही. १९४९ मध्ये लेडी ॲनने स्पेनचा किताब काकाच्या नावे सोडून दिला आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या. हेही स्पेनच्या कायद्यामुळे जमले. तिथे किताब हयातीत दुसऱ्याला देता येतो. ब्रिटनमध्ये असे देणे शक्यच नव्हते. ॲनकडे ब्रिटिश किताब गेला असता आणि तिला तो काकाला द्यायचा असता, तरी देता आला नसता.

आज काय उरले

या किताबाच्या जोरावर आर्थर वेलस्लीच्या वंशजांना जो प्रत्यक्ष राजकीय अधिकार होता तो आता गेला. १९९९ च्या कायद्याने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत सरदारांचा लॉर्ड्समध्ये बसण्याचा हक्क काढून घेतला आणि ९२ जागा तेवढ्या तात्पुरत्या म्हणून ठेवल्या. नववा ड्यूक २०१५ मध्ये त्यांतल्याच एका जागेवर आला, तो किताबामुळे आपोआप नव्हे तर सरदारांनी मते देऊन निवडल्यामुळे. उरलेला भाग मानाचा आणि मालमत्तेच्या व्यवस्थेचा.

मुलींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तो सुटायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. २०१३ मध्ये ब्रिटनने राजगादीचा नियम बदलला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या राजघराण्यातल्या अपत्यांत मुलगा-मुलगी भेद राहिला नाही. सरदारांच्या किताबांना ही दुरुस्ती लागू केली गेली नाही. अडचण अशी सांगितली जाते की गादी एक आहे आणि किताब शेकडो. प्रत्येकाची सनद वेगळी, प्रत्येकात आज वारस म्हणून उभा असलेला कोणीतरी पुतण्या किंवा चुलतभाऊ. त्याची अपेक्षा मोडायची की नाही यावर संसदेत विधेयके आली, अडली. राजगादीचा इतका जुना नियम जर बदलता येतो तर सनदांचाही बदलता येईल. इच्छा हवी.

स्पेनने ते २००६ मध्येच केले. तिथे आता थोरले अपत्य, मग मुलगा असो वा मुलगी, किताबाचे वारस. म्हणजे सिउदाद रोद्रिगोचा किताब नव्या नियमाने चालणार आणि वेलिंग्टनचा १८१४ च्या सनदेने. ज्या पिढीत या घराण्यात पहिली मुलगी आणि तिच्या पाठीवर मुलगा जन्मेल, त्या पिढीत स्पेनची डचेस बहीण असेल आणि इंग्लंडचा ड्यूक तिचा धाकटा भाऊ.